दहाला टेकवायचं

"अजून दाबा, काका. मी थांबा म्हणेपर्यंत सोडायचं नाही," डॉक्टर म्हणाली.

दादा दाबत होता. पकड मोजायच्या यंत्राची मूठ त्याच्या पंजात खेळण्यासारखी दिसत होती. तीस वर्षं लोकांची कपाटं जिन्यांवरून चढवली-उतरवली होती त्या हातांनी. समोरच्या पडद्यावरची रेघ वर गेली, वरच राहिली आणि एकदम खाली आली. डॉक्टरनं थांबा म्हटलंच नव्हतं.

मागच्या बाकावर त्याच्या धाकट्या भावाची बायको बसली होती. दादाचे हात थरथरतात, कपसुद्धा धरवत नाही, म्हणून तीच त्याला इथं घेऊन आली. पण आठ महिने ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती, आणि का ते दोघांनाही ठाऊक होतं. चौथ्या मजल्यावर कपाटाच्या धक्क्यानं जिन्याचा विटांचा कठडा फुटला. धाकटा बाहेर लोंबकळला. दादानं उरलेल्या कठड्यावर पालथं पडून दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. माणसं धावत वर आली तेव्हा दादाच्या हातात काही नव्हतं. हात सुटला की सोडला, एवढंच तिला कळायला हवं होतं. विचारायचा तिला धीर होत नव्हता, आणि सांगायला याची जीभ रेटत नव्हती.

तेव्हापासून दादाला जिन्यात आकडे ऐकू यायचे. कुठल्याही जिन्यात, भरदिवसा, खालच्या पायऱ्यांवरून, धाकट्याच्या आवाजात. दोघांची कामाची रीतच तशी होती. ओझं खालच्याच्या अंगावर येतं, म्हणून मोजायचं खालच्यानं. त्यानं दहा म्हटलं की वरच्यानं मुकाट टेकवायचं, का म्हणून विचारायचं नाही. दम खाल्ला की पुन्हा एकपासून. आता दादा कुठं चढायचा म्हणजे त्या आवाजाच्या पुढं पुढं पळायचा.

"स्नायूत तयार शक्ती असते ती जेमतेम दोन-तीन सेकंदांची," डॉक्टर समजावून सांगत होती. "ती संपायला लागली की स्नायूतलंच क्रिएटिन नावाचं द्रव्य मदतीला येतं. निवांत वेळी त्यानं शक्ती साठवून ठेवलेली असते, ती ते भराभर देत जातं. पण सगळा जोर लावला तर तो साठाही दहाएक सेकंदांत तळाला जातो. पुढची शक्ती बनते, पण सावकाश. मग पकड ढिली पडणारच. तुमचीच काय, पैलवानाचीही."

धाकट्याची बायको पुढं सरकली. "म्हणजे माणसानं कितीही ठरवलं तरी?"

"कितीही ठरवलं तरी."

तिच्या चेहऱ्यावर आठ महिन्यांत पहिल्यांदा जीव आला. दादालाही आत कुठंतरी सुटल्यासारखं वाटलं. आयती वाट मिळाली होती. नुसतं गप्प बसायचं होतं.

"दोन-तीन मिनिटं बसा. साठा बराचसा भरतो," डॉक्टर म्हणाली. मग तिनं पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा बसवलं, पुन्हा लावलं. दाबताना दादाचे ओठ हलत होते. तिसऱ्या खेपेला डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली.

"काका, दमलेला हात हळूहळू उतरतो. तुमची रेघ उतरतच नाही, एकदम पडते. तिन्ही वेळा नवव्या सेकंदाला. तुमच्यात अजून जोर आहे आणि तुम्ही सोडून देताय. का?"

धाकट्याच्या बायकोनं मान खाली घातली. दुखलं म्हणून सोडलं, असं दादाला म्हणता आलं असतं. डॉक्टरनं मानलंही असतं.

"मी सोडला," दादा म्हणाला. डॉक्टरकडे नव्हे, तिच्याकडे बघून म्हणाला. "सुटला नाही. मला अजून धरवत होतं. पण माझ्या छातीखालच्या विटा हलायला लागल्या होत्या. त्याच्या तोंडावर माती पडत होती. त्यानं वर बघितलं आणि मोजायला लागला."

"मोजायला?" तिनं विचारलं.

"कामावर मोजायचा तसंच. एक, दोन, तीन. आठपर्यंत आला," दादा म्हणाला. "आणि मग एकदम दहा म्हणाला. नऊ म्हटलंच नाही त्यानं."