हातावरचं दही

पडद्यावरचा चिमुकला माणूस दारापाशी आला, दह्याची वाटी घेऊन उभ्या असलेल्या बाईसमोर थांबला आणि जागच्या जागी उड्या मारू लागला. टुण, टुण, टुण. कोपऱ्यातलं वाळूचं घड्याळ रिकामं झालं. माणूस उताणा पडला. खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

जयंतने कपाळावर हात मारून घेतला. सकाळी वडिलांना बटणं समजावून तो टँकरच्या पाण्यासाठी खाली रांगेत उभा राहिला होता. भरल्या बादल्या घेऊन वर आला, तेव्हापासून हेच चाललं होतं.

“तात्या, तिच्याकडून दही घ्यायचं. मग दार उघडतं. मग जिना. सांगितलं ना मी?”

“सांगितलंस,” तात्याराव म्हणाले आणि त्या काळ्या यंत्राची रबरी बटणं दाबू लागले. माणूस दारापाशी गेला. थांबला. टुण, टुण. अभंगाचं धृपद फिरून फिरून तिथंच यावं, तसा.

गुडगावातली नवी इमारत, सहावा मजला. लिफ्टची नुसती पोकळी, लिफ्ट अजून यायची होती. खिडकीखाली मोहरीची पिवळी शेतं आणि त्या पिवळ्यात क्रेन. कचेऱ्यांतून नवे कोरे कंप्यूटर येत होते, आणि जयंत सरकारी नोकरी सोडून, टीव्हीला जोडायच्या या जुन्या यंत्रासाठी नवा खेळ रचत बसला होता. विलायतेत या यंत्राचे वेडे अजून आहेत, असं करोल बागेतला दुकानदार मल्होत्रा सांगायचा. तो आज संध्याकाळच्या विमानाने तिकडे निघाला होता. खेळाची कॅसेट न्यायला तो तयार होता. अट मात्र एक घालून बसला होता.

“जिसने जिंदगी में कंप्यूटर न छुआ हो, वो पार कर ले, तभी देना, यार.”

असा माणूस घरात एकच. आई गेल्यावर पहाडगंजचं घर सोडून इथं आलेले तात्याराव. जयंतने सोडलेली नोकरी, पुढचं सगळं, आता त्यांच्या दोन बोटांवर आलं होतं. आणि ती बोटं पुढं सरकायला तयार नव्हती.

खेळ तसा सरळ होता. माणसाने घरातून निघायचं, अर्धवट बांधलेल्या इमारतीवर तुळयांवरून उड्या मारत चढायचं, माकडं चुकवायची आणि गच्चीवर झेंडा लावायचा. घरातून निघताना हातावर दही घ्यायचं, हे जयंतला सहज सुचलं होतं. दही देणारी बाई मोजक्या ठिपक्यांची. अंबाडा, एक हात पुढे, एक कमरेवर. यंत्राच्या पोटात जागा चिमूटभर. म्हणून दही दिलं की बाई पडद्यावरून पुसून टाकायची आणि तिच्या जागेत वरच्या मजल्यावरचं माकड भरायचं. या युक्तीवर जयंत स्वतःवरच खूश होता.

एवढ्यात वीज गेली. यंत्र सगळं विसरलं. वीज आली, तेव्हा खेळ यंत्रात भरायला टेपरेकॉर्डरवर कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावावी लागली. ती मांजराच्या भांडणासारखी किंचाळत राहिली आणि जयंत दात आवळून ऐकत राहिला. खेळ लागला. माणूस दारापाशी गेला. टुण, टुण.

“तुम्ही मुद्दाम करताय का हो? सोपा जिना आहे तो.”

“पहाडगंजात मी जिना चढून दूध आणायचो तेव्हा तू रांगत होतास,” तात्याराव म्हणाले. “जिना मला शिकवू नकोस.”

जयंतचा संयम सुटला. त्याने वाकून दही घ्यायच्या बटणावर बोट नेलं. तात्यारावांनी झटकन सगळ्या बटणांवर पंजा धरला, ताटावर माशी बसू नये म्हणून झाकतात तसा.

जयंत उठून बाहेर आला. त्याची बायको विजया भाजीची पिशवी घेऊन, जिने चढून धापा टाकत नुकतीच दारात पोचली होती. त्याने तिला तिथंच गाठलं. मल्होत्राला नाही म्हणून फोन करतो, म्हणाला. घरच्या माणसाला पहिलं दार ओलांडता येत नाही, तो खेळ विलायतेत कोण घेणार? नोकरीही गेली ती गेलीच.

विजयाने पिशवी खाली ठेवली.

“कुणाला येत नाही? तू टँकरपाशी होतास ना, तेव्हाच माझ्यासमोर त्यांनी खेळ संपवला. माकडंबिकडं सगळी पार करून. झेंडा लागला की वर.”

“मग?”

“मग काय. इथून खाली घरी कसं जायचं, म्हणून मला विचारत होते. म्हटलं, तात्या, परत जाता येत नाही. पहिल्यापासून सुरू करावं लागतं.”

जयंत खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. पडद्यावर टुण, टुण चालूच होतं. ती ठिपक्यांची बाई त्याने पहिल्यांदाच नीट पाहिली. एक हात पुढे, एक कमरेवर. पहाडगंजच्या जिन्याशी, परीक्षेला निघालेल्या मुलाला हाक मारून थांबवताना, दुखरी कंबर धरून आई अशीच उभी राहायची. चित्र काढताना त्याने तिला ओळखलं नव्हतं. हातानेच तिला काढलं होतं.

“तात्या,” म्हणत तो त्यांच्या शेजारी टेकला.

“तुझा खेळ चांगला झालाय. कॅसेट घेऊन तू हो पुढं,” तात्याराव पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. “मला राहू दे इथं जरा. दही घेतलं की जाते ती.”