दारातला शब्द

पडद्यावरचा माणूस दोनशे अकराव्यांदा कड्यावरून पडला आणि निशाने टेबलावर हात आपटला.

"मेला का पुन्हा?" सुकीआत्याने विचारलं. ती दाराशी पाय पसरून बसली होती, मांडीवर एक्स-रेचा मोठा लिफाफा. सकाळीच सूर्यमाळहून उतरली होती. उद्या नाशिकला तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. मुलगा तुळशीदास जीप ठरवायला गेला होता. तो येईपर्यंत भाचीच्या खोलीवर टेकावं म्हणून ती मोखाड्यात थांबली होती.

निशाला धड बसवत नव्हतं, धड उठवत नव्हतं. परवा डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, "काही सांगता येत नाही." त्यावर आत्याने त्यांनाच विचारलं, "काय सांगता येत नाय?" बिचारे डॉक्टर पुन्हा एक्स-रे बघायला लागले. त्यात बारा वाजेपर्यंत संगणकावरच्या या खेळाचं मराठी भाषांतर पाठवायचं होतं. चौदाशे वाक्यं झाली होती आणि घोडं एका शब्दावर अडलं होतं.

खेळ तरी कसला, परीक्षाच. धुक्यातला डोंगर, बिननावाचा माणूस, पायथ्याला एक दार आणि दारात म्हातारा. माणूस मेला की पुन्हा त्या दारात उभा. म्हातारा एकच शब्द बोलतो, की चढण पहिल्यापासून सुरू. दोन परदेशी बहिणींनी सात वर्षं खपून तो केला होता. खेळणारे रडकुंडीला येत, शिव्या घालत आणि पुन्हा खेळायला बसत. निशाचा त्या खेळावर जीव जडला होता. कुठल्या पुस्तकानेही तिला इतकं छळलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या तोंडी तिने 'चल' घालून पाहिलं, 'निघ' घालून पाहिलं, शेवटी 'जा' ठेवलं. तिन्ही शब्द भातातल्या खड्यासारखे दाताखाली येत होते.

"वर काय हाय?" आत्याने विचारलं.

"तेच दार. आतल्या बाजूने."

"मंग चढतो कशाला?"

"तेच तर खेळ विचारतो, आत्या."

"धुकं बाकी बरं काढलंय," आत्या म्हणाली. "मला थंडी वाजली."

निशाने पुन्हा सुरुवात केली. "जा," म्हातारा म्हणाला, तोही निशाच्याच आवाजात. खरा आवाज पुढे कोणी नट देणार होता. माणूस दोन वळणं चढला आणि घसरला.

"त्या म्हाताऱ्याला अक्कल नाय," आत्या म्हणाली. "दारातून माणूस निघतोय अन् हा म्हणतोय जा! म्हणून मरतोय तो."

"माझं बोट चुकतं म्हणून मरतो गं."

"मागनं जा म्हटल्यावर बोट चुकणारच. त्याला ये म्हणायला सांग."

निशा समजावून सांगणार होती. त्या बहिणींनी लिहून ठेवलं होतं, शब्दात हुकूम नको आणि आशीर्वादही नको. पण तोंड उघडता उघडता ती थांबली. माईक जवळ ओढून हळूच म्हणाली, "ये." आणि तो आवाज म्हाताऱ्याला दिला.

माणूस उंबरा ओलांडून निघाला. दोन वळणं चढला. त्याच कड्यावरून त्याच दरीत पडला. पडदा काळा झाला आणि मग पुन्हा ते दार दिसलं.

"बघ, मेलाच की," निशा म्हणाली.

"पण आला ना परत?"

निशाच्या अंगावर काटा आला. दोनशे तेरा वेळा तो परत आला होता आणि तिने फक्त त्याचं मरणं मोजलं होतं. तिला हसूही आलं आणि स्वतःचा रागही आला. तिने शब्द बदलला आणि फाईल पाठवून दिली. बाराला सात मिनिटं कमी होती.

तेवढ्यात खाली जीपचा हॉर्न वाजला. तीनच्या आत दवाखान्यात भरती व्हायचं होतं आणि आत्याची घाई कुठेच दिसेना. ती पाणी प्यायली. पिशवी सोडून पुन्हा बांधली. मग तिची एक चप्पल सापडेना, ती सापडली तर लिफाफा कुठे ठेवला ते आठवेना. तुळशीदास खालून हाका मारत होता, ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. निशा रजा मिळाली की उद्याच्या पहिल्या एसटीने मागून जाणार होती.

"अगं, जा ना आत्या आता!" ती ओरडली.

आत्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला होता. तो तिथेच राहिला.

निशाने तोंडावर हात धरला. म्हाताऱ्याच्या तोंडचा शब्द तिने बदलला होता, पण स्वतःच्या तोंडचा तसाच राहिला होता.

आत्याने बाहेरचा पाय आत घेतला. चप्पल काढली. भिंतीला धरत पुन्हा दाराशी बसली, पाय पसरले, लिफाफा होता तसा मांडीवर ठेवला. खाली हॉर्न वाजतच होता.

"मेले मी," ती म्हणाली. "आता पहिल्यापासून."

मग गुडघ्यावर हात देत ती उठली, पिशवी उचलली आणि उंबऱ्यात उभी राहिली.

"येते गं, निशे."