शुक्रवारचा नवरा

आमच्या बाउले लोकांत प्रत्येक बाईला परलोकातही एक नवरा असतो. तो रुसला, की इथला संसार फुलत नाही. माझ्या बायकोची, अमेनानची, दोन बाळं पोटातच गेली, तेव्हा देवऋषी म्हणाला, "त्याची लाकडी मूर्ती घडवा. शुक्रवारची रात्र त्याला द्या."

तेव्हापासून शुक्रवारी माझी खाट अंगणात. शेजारचा याओ कुंपणावरून हसायचा, "काय न्गोरान, आज थोरल्या नवरोबांची पाळी वाटतं?"

आज भरदुपारी शेतातून आलो, तर ती त्या लाकडी खांद्यांना पामतेल चोळत होती. हळुवार, गुणगुणत. माझ्या खांद्यांना असा हात कधी लागला नव्हता.

"आणि मी काय मेलोय?" मी ओरडलो. मूर्ती हिसकावली, अंगणात नेली आणि कुऱ्हाडीनं तिच्या ढलप्या करून टाकल्या.

अमेनान रडली नाही. मी धापा टाकत उंबऱ्यावर बसलो. ती मागून आली आणि माझ्या खांद्यांना तेल चोळू लागली. हळुवार, गुणगुणत.

"आता कशाला हे लाड?" असं तिच्या अंगावर ओरडायचं होतं मला. राग छातीत नुसता उकळत होता. पण ओठ हलेनात. मान लाकडाची झाल्यासारखी वळेना.

तेवढ्यात फाटकातून कोणीतरी ताडताड आत आलं. चाल माझी होती, घामानं भिजलेला सदरा माझा होता, आणि चेहऱ्यावरचा रागही माझाच.

अमेनान हात पसरून माझ्यापुढे उभी राहिली.

"अहो, पाया पडते तुमच्या, यांना काही करू नका."