अब्बांची अट

ताहिराला मॅट्रिकनंतर शिकायचं होतं, पण कॉलेज पडलं खाडीपलीकडे. तिच्या अब्बांनी, मजीदमियांनी, तेव्हा हसत हसत अट घातली, "आधी कॉलेज गावात येऊ दे, मग खुशाल जा." कॉलेज थोडंच चालत येणार होतं! वर्षाच्या आत त्यांनी तिचा निकाह लावून दिला.

पुढे सगळेच कुवेतला आले. मजीदमियां मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत लागले, जावयाने जहरा शहरात दुकान टाकलं. परवा गावाहून परतलेला झहूर म्हणाला, "चाचा, कॉलेजची शाखा निघाली आपल्या गावात! पोरीसुद्धा जायला लागल्या." तेव्हापासून मजीदमियांना ती जुनी अट डाचत होती.

जुम्म्याला ते लेकीकडे जेवायला गेले. छोटी नात झुलेखा मांडीवर येऊन बसली, समोर कालवण निवत राहिलं. शेवटी ताटाकडे बघतच ते पुटपुटले, "ताहिरा, गावात कॉलेज आलं गो."



"ठाऊक आहे, अब्बा. निकाहात मेहर म्हणून मिळालेली गावातली माझी जागा मीच दिली कॉलेजला," त्यांच्या ताटात भात वाढत ताहिरा म्हणाली, "झुलेखाच्या वेळेला तुमची अट आड यायला नको."