माझं डोकं दुखत नाही

“डोळे मिट आणि एका पायावर उभी राहा,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

ती उभी राहिली. हात कमरेवर, एक पाय किंचित उचललेला. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून फुटबॉलचे सर टक लावून पाहत होते. ती जराही डगमगली नाही.

“छान. मागच्या खेपेला टेबल धरावं लागलं होतं, आठवतं?”

“हो,” ती म्हणाली.

मागच्या सामन्यात कोपऱ्यातून आलेल्या चेंडूवर गोलरक्षक आणि समोरच्या संघातली एक उंच मुलगी एकदमच झेपावल्या होत्या. डोक्यावर डोकं आपटलं. तो आवाज अजून तिच्या कानात होता. रक्त आलं नाही, टेंगूळही नाही. गोलरक्षक उठली, काही झालं नाही म्हणाली आणि भलत्याच गोलाकडे चालू लागली. सरांनी तिला तिथल्या तिथे बाहेर काढलं. संघ हरला. पालक भडकले, मुख्याध्यापकांनी नाराजी दाखवली. सर कुणालाही बधले नाहीत.

“शीर सलामत तर पगडी पचास,” ते म्हणाले होते. “डॉक्टरबाई हो म्हणेपर्यंत बुटाची नाडीसुद्धा बांधू देणार नाही मी.”

तेव्हापासून घरातला टीव्ही बंद होता. मुलींच्या खोलीचे पडदे भर दुपारीही ओढलेले असत. आई कामावर जाताना दार असं लोटायची, की कडीचाही आवाज होऊ नये. आज तिला सुट्टी मिळाली नव्हती. तिनेच सरांना फोन करून सांगितलं होतं, तुम्हीच घेऊन जा.

आणि उद्या राज्याच्या संघाची निवड होती. पुढच्या वर्षी वय उलटून जाणार होतं. आजची वेळ हुकली की हुकलीच.

“काय काय आठवतंय त्या सामन्यातलं?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“चेंडू उंच आला. मी उडी मारली. मग पडले. सर धावत आले, माझ्या डोळ्यांसमोर बोटं धरली. कुणीतरी बर्फ आणला, तो पिशवीतून गळत होता.”

डॉक्टरबाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. सगळं बरोबर होतं.

“मागच्या वेळी हिला पडल्यानंतरचं काहीच सांगता येत नव्हतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“हळूहळू आठवलं,” ती म्हणाली.

मग ऐकून परत म्हणायचे पाच शब्द झाले. सायकल, लिंबू, खिडकी, दोरी, चमचा. तिने ते धडाधड म्हटले. डिसेंबरपासून उलटे महिने झाले. मध्ये दुसऱ्याच गप्पा झाल्या, आणि डॉक्टरबाईंनी अचानक पुन्हा तेच पाच शब्द विचारले. तिने म्हटले. डोळ्यांवर बॅटरीचा उजेड पडला तरी तिने पापणी मिटली नाही.

“झोप?”

“लागते.”

“मळमळ? चिडचिड?”

“नाही.”

“चिडचिड नाही? या वयात?” डॉक्टरबाई हसल्या. सरही हसले. तीसुद्धा हसली.

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. त्यांचा आवाज बदलला.

“नीट ऐक. तुला संघात सगळे भिंत म्हणतात ना? भिंतीला कान असतात म्हणे, पण या भिंतीला डोकंही आहे. पहिला मार पुरता भरून आला नसेल आणि त्यावर दुसरा बसला, अगदी हलका जरी, तरी मेंदूला सूज येऊ शकते. ती इतकी झपाट्याने येते, की दवाखान्यात पोचेपर्यंतही वेळ मिळत नाही. मुलांच्या बाबतीत ही भीती जास्त. मी तुला घाबरवत नाहीये. पण काही त्रास लपवला असशील तर आत्ता सांग. कुणी रागावणार नाही.”

हे तिला ठाऊक नव्हतं. डोकं दुखतं, मग थांबतं, एवढंच तिला माहीत होतं. तिने सरांकडे पाहिलं.

“घाई नाही बाळ,” सर म्हणाले. “निवड गेली तर गेली. मी तुझ्या आईला समजावीन.”

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर कुणाचं तरी तान्हं मूल रडत होतं. तिला सकाळचं रडणं आठवलं, उशीत तोंड खुपसून केलेलं, आई उठू नये म्हणून दाबलेलं. त्या रडण्यापुढे डॉक्टरबाईंचं बोलणं लांबचं वाटलं. असं कुणाच्या तरी बाबतीत होत असेल. आपल्या घरात कशाला होईल?

“खरं सांगू?” ती म्हणाली. “माझं डोकं दुखत नाही. जरासुद्धा नाही.”

हे कुणाचीही शपथ घेऊन सांगता आलं असतं.

डॉक्टरबाई तिच्या डोळ्यांत बघत राहिल्या. मग त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि सरांना म्हणाल्या, “माझी काही हरकत नाही. इतकी स्वच्छ तपासणी मी क्वचितच पाहते.”

सरांनी मोठा श्वास सोडला. रस्ताभर ते बोलत होते. उद्या लवकर ये, पोटभर खाऊन ये, जरा कुठे गरगरलं तर हात वर कर, मी सामना थांबवीन. ती हो हो म्हणत होती. घराच्या कोपऱ्यावर त्यांनी तिला सोडलं.

आई अजून आली नव्हती. तिने पायातले बूट दाराशीच काढले आणि आवाज न करता आतल्या खोलीत गेली. अंधार होता. पलंगावर तिची जुळी बहीण डोळ्यांवर उशी दाबून पडली होती.

“काय म्हणाल्या डॉक्टरबाई?” उशीखालून हुबेहूब तिच्याच आवाजात प्रश्न आला.

“उद्या तुला खेळायला परवानगी दिली,” ती म्हणाली.