उत्तरेची भिंत

"डोकं सांभाळा, साहेब," मिसेस हॅलेट म्हणाल्या. तोवर सॅमवेज यांचे कपाळ दारावरच्या तुळईला लागले होते.

"दोनशे वर्षांत तिनं कुणाला सोडलं नाही. बिशपनासुद्धा."

डॉर्सेटमधल्या त्या खेड्यातले गवती छपराचे, मातीच्या भिंतींचे घर विकायला निघाले होते. जाहिरातीत मालकाने 'दुरुस्ती आवश्यक' एवढेच लिहिले होते. लंडनच्या एका जोडप्याला ते हवे होते, आणि त्यांच्या वतीने सॅमवेज तपासणीला आले होते. मिसेस हॅलेट तिथे एक्केचाळीस वर्षे भाड्याने राहत होत्या.

"आधीचे दोघं ओल बघून पळाले," त्या म्हणाल्या. "हेही गेले तर मालक विकायचा नाद सोडणार. म्हणाला, मग मरेपर्यंत राहा, एनिड."

"आणि यांनी घेतलं तर?"

"ते उन्हाळ्यात दोन आठवडे येणार. मी कायमची बहिणीकडे जाणार. तिच्याकडे तीन पोपट आहेत, आणि तिघंही तिच्यासारखेच बोलतात."

सॅमवेज यांनी ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया दक्षिणेच्या भिंतीत टोचल्या. काटा शेवटपर्यंत गेला. पूर्वेलाही तेच, पश्चिमेलाही तेच. त्यांनी छप्पर पाहिले; ते तीन वर्षांपूर्वीच शाकारलेले होते. बाहेर सहा आठवडे पाऊस नव्हता आणि पायाजवळच्या जमिनीला बोटभर भेगा होत्या. ओल कमरेपर्यंत चढली होती, तरी जुन्या ओलीने भिंतीवर फुटतो तो पांढरा खार, लोणा, कुठेच नव्हता.

उत्तरेच्या भिंतीला ओकचे अवजड कपाट टेकलेले होते. त्यामागे त्यांनी कसाबसा हात घातला. भिंत ठणठणीत कोरडी होती.

त्यांनी वहीतले आकडे खोडले, पुन्हा मोजले, पुन्हा तेच लिहिले. जिथे दिवसभर ऊन, तिथेच पाणी. हिशेब कुठल्याच बाजूने जुळेना.

"चाळीस वर्षांत असं घर पाहिलं नाही, बाई."

"म्हातारं आहे, साहेब. कधी कुठे दुखेल, काय सांगावं?"

"दुखण्याला कारण असतं."

"चहा घ्या. थंड होतोय."

खिडकीतली जिरेनियमची रोपे पाण्यावाचून करपली होती. कप ठेवायला जागा व्हावी म्हणून सॅमवेज यांनी शेजारची झारी उचलली. ती अर्धी भरलेली होती. तोटीतून एक थेंब त्यांच्या बुटावर पडला.

ते रोपांकडे पाहत राहिले. मिसेस हॅलेट यांचा चमचा कपात थांबला.

"रिपोर्टात काय लिहिणार?" त्यांनी हळूच विचारले.

"यंत्र दाखवेल ते."

सॅमवेज यांनी चहा संपवला. कोट काढून खुर्चीच्या पाठीवर नीट घातला. मग कपाटाला खांदा लावून त्यांनी ते भिंतीपासून हातभर पुढे सरकवले, आणि झारी मिसेस हॅलेट यांच्या हाती दिली.

"उत्तरेला ऊन नसतं, बाई. ओल तिथे सगळ्यात जास्त हवी."