बारावा ठिपका

मला पाढे शिकवलेल्या बाई टेबलावर जाग्या होत्या आणि त्यांच्या हृदयाचा नकाशा माझ्यासमोरच्या पडद्यावर होता. मांडीतून आत सरकवलेल्या नळीने डॉक्टर ठोके बिघडवणारी जागा जाळत होते. प्रत्येक चटक्याला पडद्यावर एक लाल ठिपका उमटायचा. ही तिसरी खेप. "आज नाही जमलं तर मला परत आणू नका रे," बाई मला म्हणाल्या होत्या.

"चटका देतोय हं, बाई," डॉक्टर दर वेळी आधी सांगायचे.

अकरा चटके झाले, तरी ठोके दोनशेच्या खाली येईनात.

तेवढ्यात बारावा ठिपका उमटला. डॉक्टरांचा पाय चटका सोडणाऱ्या पेडलवर नव्हता.

"हा न सांगताच दिलात हो!" बाई कळवळल्या.

डॉक्टरांनी नळी बाहेर ओढून ट्रेमध्ये टाकली आणि दोन्ही हात वर धरले. आमच्यातलं कुणीच बोलेना.

बाई रडायला लागल्या.

"देतोय हं, देतोय हं काय म्हणताय सारखं? पुरे करा ना, डॉक्टर!"

पडद्यावर तेरावा ठिपका उमटला. मग चौदावा.